नाकात एक थेंब : गावठी कोंबड्यांना मानमोडीची लस

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत उन्हाळा तोंडावर आला की कुठल्या ना कुठल्या पाड्यावरून निरोप येतो, कोंबड्या माना टाकायला लागल्या. सकाळी खुराडं उघडावं तर दोन-चार आडव्या पडलेल्या असतात. एखादीची मान पिळवटून पाठीकडे वळलेली, एखादी चोच उघडी ठेवून धापा टाकतेय, विष्ठा हिरवट-पांढरी आणि पाण्यासारखी. आठवड्याभरात आळीतली सगळी खुराडी रिकामी होतात. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. विषाणूचा रोग असल्यामुळे त्यावर औषध नाही. लस मात्र आहे, स्वस्त आहे, आणि पशुसखीलाच काय, बचत गटातल्या कुणाही बाईला ती हातानं देता येण्यासारखी आहे. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी घरांत दहा-बारा कोंबड्या म्हणजे पोरांच्या शाळेचा, दवाखान्याच्या एका फेरीचा, पाहुण्यांच्या जेवणाचा आधार असतो. तो आधार एका थेंबाअभावी जावा हे मला मान्य नाही, म्हणून ही कृती सविस्तर लिहितो.

आधी हा थेंब नाकातच का, ते समजून घ्या. कारण कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायला लागत नाहीत.

मानमोडीचा विषाणू कोंबडीत शिरतो तो मुख्यतः नाकावाटे आणि चोचीवाटे. लासोटा आणि एफ या लशींमध्ये त्याच विषाणूच्या सौम्य जाती जिवंत असतात. नाकात किंवा डोळ्यात पडल्यावर त्या तिथल्या ओलसर अस्तरात वाढतात, पण कोंबडीला आजारी पाडत नाहीत. कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. तिथे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी जमतात आणि अश्रूंतून, नाकातल्या स्रावातून ती प्रतिपिंडं वाहू लागतात. शिवाय श्वासनलिकेच्या आणि फुप्फुसाच्या वाटेवर पहारा बसतो. खरा विषाणू आला की त्याची गाठ दारातच पडते. टोचलेली लस रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार करते, पण दारावरचा हा पहारा तिला तेवढा बसवता येत नाही.

माणसांच्या लशींचं संशोधन करणारेही याच वाटेनं चालले आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१० मध्ये स्वाइन फ्लूवर नाकात फवारायची ‘नेझोव्हॅक’ लस आणली. कोविडवरची ‘इन्कोव्हॅक’ ही नाकातली लस २६ जानेवारी २०२३ रोजी देशात सुरू झाली. अशा लशी आधी उंदरांवर तपासतात, आणि त्या तपासणीतल्या दोन गोष्टी आपल्या खुराड्याजवळही उपयोगी पडतात. पहिली गोष्ट थेंबाच्या आकाराची. जाग्या उंदराच्या नाकात दहा मायक्रोलिटरचा बारीक थेंब ठेवला तर लस बहुतेक नाकातच राहते. गुंगी देऊन चाळीस-पन्नास मायक्रोलिटर सोडले तर ती फुप्फुसापर्यंत उतरते. लस तीच असली तरी ती कुठवर पोचली त्यावर प्रतिसाद कुठे उठणार ते ठरतं. दुसरी गोष्ट रक्ताची. उंदराच्या रक्तातली प्रतिपिंडं मोजून फुप्फुसात काय घडलं ते कळत नाही. म्हणून फुप्फुस खारट द्रावणानं धुऊन त्या पाण्यातली प्रतिपिंडं मोजतात. आणि फुप्फुसातल्या पेशी ओळखायला उंदराला मारण्याआधी काही मिनिटं त्याच्या शिरेत चमकणारा रंग जोडलेलं प्रतिपिंड सोडतात. रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींना तो रंग चिकटतो. फुप्फुसाच्या मांसात मुक्काम ठोकून बसलेल्या पेशी बिनरंगाच्या राहतात, आणि पुढचा हल्ला परतवायला आधी उभ्या राहतात त्या याच मुक्कामी पेशी.

कोंबडीचं फुप्फुस उंदरासारखं नसतं. त्यात हवेचे फुगे नसून बारीक नळ्या असतात आणि हवा एकाच दिशेनं वाहते. पण थेंब कुठवर जातो हा प्रश्न तिथेही तसाच आहे. मोठ्या शेडमध्ये फवाऱ्यानं लस देतात तेव्हा लहान पिल्लांसाठी जाड थेंबांचा फवारा ठेवतात, कारण अगदी बारीक धुकं थेट फुप्फुसात जातं आणि लासोटासारख्या लशीनंही पिल्लं शिंकायला, धापा टाकायला लागतात. पाड्यावर फवारा नको. एकेक कोंबडी हातात धरून नाकात किंवा डोळ्यात एक थेंब, हीच पद्धत खात्रीची.

आता वेळ. गावठी कळपात एका दिवसाच्या पिल्लापासून तीन वर्षांच्या कोंबड्यापर्यंत सगळे एकत्र असतात, त्यामुळे शेडसारखं वयवार वेळापत्रक जमत नाही. दर तीन-चार महिन्यांनी सगळ्या कळपाला एकदम थेंब द्यावा हे उत्तम. आपल्या दोन तालुक्यांत या फेऱ्या लोकांच्या जाण्यायेण्यावर बसवाव्या लागतात. पहिली फेरी भातझोडणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर लगेच, कारण त्यानंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात आणि डालग्यात घालून कोंबड्याही नेतात. भट्टीवर चार गावांच्या कोंबड्या एकत्र येतात, तेव्हा लस त्याआधी झालेली हवी. दुसरी फेरी शिमग्याच्या आधी. भट्टीवर असणाऱ्यांना तिची तारीख निघतानाच चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे तिथल्या जवळच्या दवाखान्यातून ती घेता येईल. तिसरी फेरी जूनमध्ये, माणसं परतली आणि पेरणीची घाई सुरू व्हायची आहे तेव्हा.

मधल्या काळात निघालेल्या पिल्लांना सातव्या दिवसाच्या सुमारास थेंब द्यावा आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा द्यावा. दुसरा थेंब चुकवू नका. लस दिलेल्या कोंबडीच्या अंड्यातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात. ती दर चार-पाच दिवसांनी निम्मी होत जातात, पण पहिल्या आठवड्यात ती लशीचाही थोडा बीमोड करतात. चौथ्या आठवड्यात ती उरलेली नसतात आणि लस पक्की बसते. आठ आठवड्यांवरच्या तलंगांना आर-टू-बी ही जास्त जोरदार लस पंखाखाली टोचतात. ती टोचण्याचं काम दवाखान्यातल्या माणसाकडेच राहू द्या. कोवळ्या पिल्लांना ती चालत नाही, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला टोचली तर अंडी कमी होतात.

फेरीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या. ठरलेल्या दिवशी आजारी, शिंकणाऱ्या, पंख पाडून बसलेल्या कोंबड्यांना लस देऊ नका. त्यांना बाजूला काढून डॉक्टरांना दाखवा.

लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. राज्य सरकारच्या पुण्यात औंधला असलेल्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत राणीखेतच्या लशी बनतात. औषध दुकानातही त्या मिळतात. कुठूनही घेतली तरी आधी फ्रीज बघा, मग तारीख बघा. कुपीतली कोरडी गोळी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई या भागात वीज तासन्तास जाते हे विसरू नका. दुकानदाराला विचारायला लाजू नका. गरम झालेली लस दिसायला तशीच दिसते, मात्र आतला विषाणू मेलेला असतो, आणि मेलेला विषाणू नाकात टाकून काही उपयोग नाही.

नेताना थर्मासात बर्फ घालून, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या. सोबत मिळणारं विरघळवायचं पाणीही थंडच हवं, पण त्याचा बर्फ होऊ देऊ नका. आसनगावला उतरून पुढे जीपनं किंवा मुरबाडहून एसटीनं जायचं असेल तर थर्मास मांडीवर घ्या, टपावर किंवा इंजिनाजवळ नको.

लस संध्याकाळी किंवा पहाटे द्यावी. कोंबड्या खुराड्यात असतात, धरायला सोप्या जातात आणि ऊन नसतं. दिवसभर रानात चरणाऱ्या कोंबड्यांमागे धावण्यात लशीचा वेळ जातो. आदल्या दिवशी घरोघर सांगून ठेवा की उद्या पहाटे खुराडं आम्ही येईपर्यंत उघडू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी, ड्रॉपरचे थेंब मोजणं. दुकानातला प्रत्येक ड्रॉपर वेगळा थेंब टाकतो. कुपीवर १०० मात्रा असं लिहिलेलं असतं, पण शंभर थेंब पडले नाहीत तर शंभर कोंबड्यांना पुरणार कशी? सिरिंजनं १ मिली स्वच्छ पाणी ड्रॉपरमध्ये घ्या. ड्रॉपर अगदी उभा धरा, कारण आडवा धरला की थेंबाचा आकार बदलतो. आता वाटीत थेंब पाडत मोजा. समजा २५ थेंब पडले. मग १०० भागिले २५, म्हणजे शंभर मात्रांच्या कुपीला ४ मिली पाणी लागेल. थेंब २० पडले तर ५ मिली, ३० पडले तर साधारण सव्वातीन मिली. हा हिशेब पाटीवर करून सगळ्या बायकांना दाखवा. लहान पिल्लू असो की मोठा कोंबडा, मात्रा एकच थेंब. पिल्लू लहान म्हणून अर्धा थेंब द्यायचा नाही आणि कोंबडा मोठा म्हणून दोन द्यायचे नाहीत. मोजून झाल्यावर ड्रॉपर उकळून, गार करून, कोरडा करा. साबण किंवा फिनेल ड्रॉपरला लागू देऊ नका, त्यानं विषाणू मरतो. नळाचं क्लोरीनवालं पाणी लस विरघळवायला अजिबात वापरू नका. कुपीसोबत आलेलं पाणीच घ्या.

कुपी फोडायची ती पहिल्या कोंबडीजवळ बसल्यावर, घरून निघताना नव्हे. मोजलेलं थंड पाणी सिरिंजमध्ये घेऊन सुई कुपीच्या रबरी बुचात घाला. आत निर्वात असेल तर पाणी आपोआप ओढलं जातं. ही कुपी नीट बंद असल्याची खूण. ओढलं गेलं नाही तर ती कुपी बाजूला ठेवा आणि परत करा. गोळी विरघळेपर्यंत कुपी तळहातावर हलकेच फिरवा. जोरात हलवून फेस करू नका. मग लस ड्रॉपरमध्ये भरा आणि ड्रॉपर बर्फाजवळ, सावलीत ठेवा. इथून घड्याळ सुरू होतं. एक ते दोन तासांत कुपी संपली पाहिजे, आणि कुपीवर त्याहून कमी वेळ लिहिला असेल तर तेवढ्याच वेळात. एका पहाटे जेवढी घरं होतील तेवढ्याच कुप्या फोडा. उरलेली लस उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

थेंब द्यायला दोघी हव्यात, एक धरणारी आणि एक देणारी. धरणारीनं कोंबडीचे दोन्ही पंख अंगासरशी दाबून तिला काखेत घ्यावं आणि दुसऱ्या हातानं डोकं आडवं करून, एक बाजू वर येईल असं धरावं. मान पिळू नये, गळा दाबू नये. नाकात द्यायचा असेल तर खालच्या बाजूची नाकपुडी बोटानं झाका आणि चोच हलकेच मिटलेली ठेवा. आता वरच्या नाकपुडीवर ड्रॉपर उभा धरून एक थेंब सोडा. ड्रॉपरचं टोक कोंबडीला लागू देऊ नका. थेंब नाकपुडीवर गोल फुगून बसतो, क्षणभर हलतो, आणि कोंबडीनं श्वास घेतला की आत खेचला जातो. तो आत गेलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत सोडायचं नाही. घाई इथेच होते. कोंबडी लगेच सोडली तर ती डोकं झटकते आणि लस मातीत जाते, आणि वहीत मात्र तिच्या नावापुढे खूण होते. डोळ्यात द्यायचा असेल तर थेंब डोळ्यावर पडून पसरेपर्यंत आणि कोंबडीनं पापणी मिटून उघडेपर्यंत थांबा. डोळ्यातून नाकात उतरणाऱ्या नळीवाटे तो आत जातो. काही कंपन्यांच्या पाण्यात निळा रंग असतो. मग काम सोपं होतं. चोच उघडून जीभ आणि टाळूची फट बघा. निळं दिसलं तर थेंब पोचला. थेंब बाहेर सांडला असेल तर दुसरा द्या.

लस दिलेली कोंबडी लस न दिलेल्यांत परत सोडू नका. त्यासाठी एक डालगं सोबत ठेवा. घरातली एकही सोडायची नाही, उबवणीला बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा. तिला अंड्यांवरून दोन मिनिटं उचलली तर अंडी गार होत नाहीत.

देणाऱ्यांनी स्वतःला जपायचं ते असं. लशीचा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळे येतात, लाल होतात, चार-सहा दिवसांत बरे होतात. तरी चष्मा घाला, हात डोळ्याला लावू नका, संपल्यावर साबणानं हात धुवा. रिकाम्या कुप्या आणि उरलेली लस उकळत्या पाण्यात घालून मग पुरा.

पुढचे दोन-तीन दिवस काही कोंबड्या शिंकतील, डोळ्यांतून पाणी येईल. हे लस वाढत असल्याचं लक्षण आहे. त्यांना सावली आणि स्वच्छ पाणी द्या. संरक्षण बसायला साधारण दोन आठवडे लागतात. या दोन आठवड्यांत बाजारातून किंवा पाहुण्यांकडून आणलेली नवी कोंबडी कळपात मिसळू नका. म्हसाची जत्रा पौषात भरते आणि त्या दिवसांत पाहुण्यांची, त्यांच्या कोंबड्यांची ये-जा वाढते. तेव्हाही नवी कोंबडी वेगळ्या डालग्यात ठेवून लस द्या आणि मगच सोडा.

लस बसली की नाही हे बघायचं असेल तर तीन आठवड्यांनी रक्त तपासता येतं. दवाखान्यातला माणूस पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त घेतो, नळी तिरपी ठेवून गोठू देतो आणि वर आलेलं पिवळसर पाणी बर्फात घालून पाठवतो. औंधच्या रोग अन्वेषण विभागात त्याची एचआय चाचणी होते. पाणी दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात आणि कुठवर प्रतिपिंडं विषाणूला अडवतात ते बघतात. १:१६ किंवा त्याहून वर आलं तर साधारण चांगलं मानतात. पण उंदरांच्या बाबतीत म्हटलं तेच इथे लागू पडतं. ही चाचणी रक्ताची आहे, नाकाची नव्हे. थेंबानं दिलेल्या लशीत रक्तातला आकडा कमी असूनही श्वासाच्या वाटेवरचं संरक्षण चांगलं असू शकतं. संशोधक कोंबडीच्या डोळ्यात मिठाचे कण टाकून अश्रू जमवतात आणि त्यातली प्रतिपिंडं मोजतात, ते याचसाठी. पाड्यावर एवढं करायची गरज नाही. एकाच कोंबडीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आठ-दहा कोंबड्यांचे आकडे सरसकट खाली आले तर दोष बहुधा थंडाव्यात किंवा थेंबाच्या घाईत असतो, तिथे शोधा.

त्याहून भरवशाची आहे वही. घराचं नाव, कोंबड्या किती, पिल्लं किती, लशीचा बॅच नंबर, तारीख, आणि पुढच्या फेरीला मधल्या काळात किती मेल्या, कशानं. मुंगसानं नेली ती वेगळी, मान टाकून मेली ती वेगळी. दोन-तीन फेऱ्यांत ही वही कुठल्याही प्रयोगशाळेइतकं सांगू लागते.

आता एक इशारा. रोग गावात शिरल्यावर लस घेऊन घरोघर फिरू नका. तुमच्या हातांवरून, चपलांवरून, डालग्यांवरून तो पुढच्या घरी जाईल. आणि ती मानमोडीच आहे असं डोळ्यांनी ठरवू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिसरातले सुमारे २५,००० पक्षी नष्ट करायचा आदेश निघाला. बर्ड फ्लू आणि मानमोडी वरून सारख्याच दिसतात, फरक प्रयोगशाळेत कळतो, आणि मानमोडीची लस बर्ड फ्लू थांबवत नाही. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या सोलू नका, शिजवू नका, ओढ्यात टाकू नका, विकायला नेऊ नका. उघड्या हातानं शिवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात किंवा १९६२ या फोन क्रमांकावर कळवा. कळवल्यानं आपल्या कोंबड्या जातील या भीतीनं लोक गप्प राहतात. ती भीती मी समजू शकतो, पण बर्ड फ्लू माणसाला होतो आणि खुराड्याजवळ आधी खेळतं ते घरातलं पोर.

या दिवाळीनंतर आपल्या पाड्यातला पहिला टेम्पो भट्टीकडे निघण्याआधी दवाखान्यात जा, किती घरं आणि किती कोंबड्या ते सांगा, आणि लशीची तारीख ठरवूनच परत या.